छप्पर कोणाचं, वीज कोणाची?

'सोलर बसवा, वीजबिल शून्य करा' हा मेसेज आला नाही असा व्हॉट्सॲप ग्रुप आता शोधूनही सापडणार नाही. त्याच ग्रुपवर दोन दिवसांनी दुसरा मेसेज येतो: 'सोलर, पवनचक्की हे सगळं थोतांड आहे, रात्री शेवटी कोळसाच लागतो.' मग भांडण सुरू होतं आणि ॲडमिन 'विषय बदला' म्हणतो.

विषय बदलू नये असं मला वाटतं. हा वाद विज्ञानाचा आहे, आणि तेवढाच हक्काचाही आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वीज क्षेत्रातला तज्ज्ञ नाही. पण सर्व्हर सांभाळताना एक सवय लागते. यंत्रणेची क्षमता किती, एवढं विचारून भागत नाही. गर्दीच्या वेळी ती किती काम करते आणि बंद पडली तर त्रास कोणाला होतो, हेही विचारावं लागतं. विजेलाही तेच प्रश्न विचारून पाहू.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं की देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता आता कोळसा, तेल, वायू यांच्याशिवायची आहे. ही मोठीच गोष्ट आहे. पण प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे ७० टक्के वीज अजूनही कोळशातूनच येते. दोन्ही आकडे खरे आहेत. सोलर पॅनल रात्री झोपतं, पवनचक्की वाऱ्याची वाट बघते, औष्णिक केंद्र मात्र चोवीस तास धुमसत राहतं. क्षमता आणि निर्मिती यांतला हा फरक समजला की ग्रुपवरचं निम्मं भांडण मिटतं.

ऊन: स्वस्त, पण ठरावीक वेळेचं

सौर ऊर्जेचे फायदे खरे आहेत. एक किलोवॉटचं पॅनल आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देतं. त्याला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. धूर नाही, आवाज नाही, आयुष्य २५ वर्षांच्या आसपास. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. स्वतःचं घर आणि स्वतःची गच्ची असेल, तर हिशेब सरळ आहे.

महाराष्ट्रात सौर ऊर्जेचा सगळ्यात मोठा फायदा मात्र शहरात नाही, शेतात झाला आहे. कृषिपंपांना वर्षानुवर्षं रात्रीची वीज मिळायची. कडाक्याच्या थंडीत, साप-विंचवाच्या भीतीत, आता तर बिबट्याच्याही भीतीत, शेतकरी पाणी धरायला जायचा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच सौर प्रकल्प उभा करून दिवसा वीज देण्याची कल्पना आहे. इथे 'सोलर फक्त दिवसा चालतं' हा दोष उरतच नाही, कारण गरजच दिवसाची आहे.

तोट्यांचं काय? संध्याकाळी सहा ते दहा या वेळेत घराघरात दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर, एसी एकदम चालू होतात. नेमकं तेव्हाच ऊन संपलेलं असतं. पावसाळ्यात कोकण-मुंबईत पॅनलची निर्मिती बरीच घटते. पॅनलसाठी लागणाऱ्या सेल आणि वेफरच्या जागतिक उत्पादनावर चीनचा जवळजवळ एकहाती ताबा आहे. २५ वर्षांनी ही पॅनल कचरा होणार आहेत. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत त्यांचा समावेश झाला, हे चांगलं झालं. पण आपल्या भंगार बाजारात काम करणाऱ्या पोरांना ती सुरक्षितपणे कशी उघडायची हे कोणी शिकवणार आहे का? हा कचरा शेवटी त्यांच्याच हातात येणार आहे.

आणि जमीन? एक मेगावॉटला चार-पाच एकर लागतात. धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे, यावरून अंदाज यावा. त्याच जिल्ह्यातल्या विखरणचे धर्मा पाटील हे वयोवृद्ध शेतकरी वीज प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीचा योग्य मोबदला मागत फिरले. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतलं आणि काही दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. प्रकल्प कोळशाचा असो की उन्हाचा, सातबाऱ्यावरचं नाव खोडलं जाताना शेतकऱ्याला सारखंच दुखतं.

वारा आणि पाणी

साताऱ्याच्या चाळकेवाडी, वनकुसवडेच्या पठारावर गेलात तर पवनचक्क्यांची रांगच्या रांग दिसते. धुळ्यात, सांगलीतही त्या आहेत. वाऱ्याचा मोठा गुण म्हणजे तो उन्हाचा जोडीदार आहे. आपल्याकडे जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे ढगांमुळे सोलर ढेपाळतं तेव्हाच, वारा जोरात असतो, आणि रात्रीही वाहतो. पवनचक्कीच्या पायाशी जमीन कमी अडकते, बाकी शेती चालू राहते. दोष असा की पावसाळा संपला की निर्मिती उतरते, चांगला वारा मोजक्या पठारांवरच मिळतो, आणि तिथून वीज आणायला उच्चदाबाच्या तारा टाकाव्या लागतात. राजस्थान-गुजरातमध्ये या तारांना धडकून माळढोक मरतात, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

जलविद्युत ही या सगळ्यांत जुनी आणि सगळ्यात आज्ञाधारक. बटण दाबलं की काही मिनिटांत चालू, गरज संपली की बंद. १,९६० मेगावॉटचा कोयना प्रकल्प म्हणूनच राज्याला संध्याकाळच्या वेळी सावरून धरतो. पण कोयनेची किंमतही लक्षात ठेवायला हवी. धरणाखाली गावं गेली, आणि तिथल्या विस्थापितांच्या पुढच्या पिढ्यांनाही पुनर्वसनासाठी आंदोलनं करावी लागली. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात जवळपास पावणेदोनशे माणसं गेली. मोठ्या जलाशयामुळे भूकंपाला चालना मिळू शकते, याचं उदाहरण म्हणून जगभरचे भूशास्त्रज्ञ आजही कोयनेकडे बघतात. शिवाय कृष्णा खोऱ्यातलं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला सोडून ही वीज तयार होते. ते पाणी पूर्वेला माण-खटाव-जतच्या दुष्काळी पट्ट्याला का नाही, हा प्रश्न तिथला शेतकरी विचारतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

हा प्रश्न नवा नाही. १९२१ मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या जलविद्युत धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्याच लढ्यातून 'सेनापती' झाले. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, आणि भातखाचरं बुडणार होती मावळातल्या शेतकऱ्यांची. त्या विजेतून धूर निघाला नाही हे खरं. तरी तिचं बिल कोणीतरी भरलंच.

ऊस आणि कचरा

साखर कारखाने चिपाडावर बॉयलर चालवून वीज करतात. महाराष्ट्र यात देशात आघाडीवर आहे. चिपाड तसंही हाताशी असतं, वीज कारखान्याच्या दारात तयार होते, आणि ती उन्हावर अवलंबून नाही. पण गळीत हंगाम संपला की चिपाडही संपतं. आणि ऊस पाणी पितो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पोचवावं लागलं, ते याच ऊसवाल्या मराठवाड्यात. ओल्या कचऱ्यापासून होणारा बायोगॅस त्या मानाने निर्दोष आहे. अट एकच: ओला-सुका कचरा वेगळा करायचा. ती अट आपण किती पाळतो, ते आपापल्या गल्लीत बघून घ्यावं.

साठवण

दिवसाची वीज रात्रीसाठी ठेवायची, तर सध्या दोन मोठे मार्ग आहेत. एक बॅटरी. ती झपाट्याने स्वस्त होते आहे, पण लिथियमसाठी आपण परदेशावर अवलंबून आहोत. दुसरा मार्ग म्हणजे दिवसा पाणी वरच्या धरणात चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडून वीज करायची. सह्याद्रीत घाटघरला असा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ पासून आहे. यात साधारण पाचवा हिस्सा वीज वाया जाते, तरी हिशेब जमतो. आता घाटात असे आणखी बरेच प्रकल्प येऊ घातलेत. त्यांच्यासाठी जंगल आणि आदिवासी पाडे किती जाणार, हे आजच विचारायला हवं.

आपल्या मोहल्ल्याचा हिशेब

आता आपल्या दाराशी येऊ. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत यंत्रमाग दिवसरात्र पाळ्यांमध्ये चालतो. समजा एका शेडमध्ये २४ माग आहेत. प्रत्येकाला साधारण एक अश्वशक्तीची मोटर. मोटर पूर्ण भाराने चालत नाही असं धरलं तरी दिवसाला ३०० युनिट जातात. शेडचं छप्पर २,४०० चौरस फुटांचं असेल, तर त्यावर २४ किलोवॉट पॅनल बसेल आणि दिवसाला ९६ युनिट मिळतील. म्हणजे एक तृतीयांशही नाही. तेही छप्पर पूर्ण रिकामं असेल, शेजारच्या इमारतीची सावली नसेल आणि पत्रा वजन पेलणारा असेल तरच. शिवाय शेड भाड्याची असेल, तर २५ वर्षांचं पॅनल कोण कोणासाठी बसवणार?

मुंब्रा, कुर्ला, कोंढव्यात दुसरी अडचण. सात मजल्यांवर २८ कुटुंबं आणि गच्ची एक. तिच्यावर पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना आणि वाळत घातलेले कपडे. सोसायटी नोंदवलेलीच नसते, म्हणून परवानगी कोणाकडे मागायची तेही कळत नाही. भाडेकरूला तर अनुदानाचा उपयोगच नाही.

माझा मुद्दा इथे आहे. छतावरच्या सोलरचं सगळं धोरण 'माझं घर, माझी गच्ची, माझं मीटर' या गृहीतावर उभं आहे. बंगलेवाल्याचं बिल कमी होतं, आणि त्याबद्दल आनंदच आहे. पण वीज कंपनीचा तारा, खांब, ट्रान्सफॉर्मर यांचा खर्च तर तेवढाच राहतो. जास्त बिल भरणारे ग्राहक कमी झाले की हा बोजा उरलेल्यांवर सरकू लागतो. उरलेले कोण? ज्यांना छप्पर नाही ते. म्हणून सोलर अडवायचं असं नाही. दिवसाचा कोळसा त्याने खरोखर वाचतो. पण बिनछपराच्या माणसालाही त्यात वाटा मिळाला पाहिजे.

त्याचा रस्ता आहे. एका मोठ्या छतावर पॅनल बसवायचं आणि त्याचे युनिट अनेक मीटरांच्या बिलातून वजा करायचे. याला आभासी नेट मीटरिंग म्हणतात. दिल्लीने त्याचे नियम २०१९ मध्येच केले. आपल्याकडे हे भाडेकरूपर्यंत, चाळीपर्यंत आणि यंत्रमागाच्या शेडपर्यंत पोचलं पाहिजे, ही आपली मागणी हवी.

तोवर हाताशी असलेली कामं करता येतील. मशीद, मदरसा, शाळा, शादीखाना यांच्या गच्च्या मोठ्या असतात आणि बिल लोकांच्या चंद्यातून भरलं जातं. विश्वस्तांसमोर मागच्या बारा महिन्यांची बिलं ठेवून हिशेब मांडा. आयटीआय किंवा डिप्लोमा केलेल्या मुलांना केंद्राच्या 'सूर्यमित्र' प्रशिक्षणाची माहिती द्या. पॅनल बसवणं, दुरुस्त करणं हे येत्या वीस वर्षांचं काम आहे. आणि वीजदर ठरवण्यापूर्वी महाराष्ट्र वीज नियामक आयोग लोकांच्या सूचना-हरकती मागवतो. त्यासाठी वकील लागत नाही, साधा मराठीतला अर्ज चालतो. उद्योगांच्या संघटना दरवेळी जाड फायली घेऊन तिथे हजर असतात. पुढची नोटीस निघेल, तेव्हा भिवंडी-मालेगावच्या भाड्याच्या शेडमधून आणि मुंब्र्याच्या सातव्या मजल्यावरूनही अर्ज गेले पाहिजेत.