राखणदाराचा शिधा

घरचा संगणक मंद झाला, कीं तरुण मंडळींचा पहिला रोष अँटिव्हायरसवर होतो. "यानेंच सगळी रॅम खाल्ली, काढून टाका याला," हें वाक्य वाशीम-कारंज्याकडील आमच्या वाचकांनीं आपल्या माजघरांत ऐकलेंच असेल. तक्रार अगदींच खोटी नव्हे, म्हणूनच ती नीट तपासली पाहिजे. कारण एकत्र कुटुंबांत मुलांचे परीक्षेचे अर्ज, शेताचा सातबारा, पीकविम्याचे कागद आणि वडीलमंडळींच्या निवृत्तिवेतनाचा व्यवहार हे सारे त्या एकाच यंत्रावर अवलंबून असतात.

आपण कोणतीहि फाइल उघडली, कीं ती आपल्यापुढें येण्यापूर्वीं हा राखणदार ती तपासतो. पेनड्राइव्ह लावला तर तोहि चाळून पाहतो. त्यासाठीं घातक प्रोग्रॅमांच्या खुणांची यादी त्याला सदैव हाताशीं, म्हणजे रॅममध्यें, ठेवावी लागते. कौटिलीय अर्थशास्त्रांत 'भक्तवेतन' असा एक समर्पक समास येतो. सेवकाचें अन्न आणि वेतन हीं दोन्हीं त्यांत आलीं. वेतन आपण वर्गणीच्या रूपानें देतों. भक्ताचा विचार मात्र बहुधा कोणी करीत नाहीं.

'किमान आवश्यकता' म्हणून जें छापलेलें असतें, त्याचा अर्थ प्रोग्रॅम कसाबसा चालूं शकेल, एवढाच. मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० च्या ६४ बिट आवृत्तीस किमान २ जीबी आणि विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम सांगितली आहे. ही झाली केवळ विंडोजची शरीरयात्रा! तेवढ्याच ४ जीबींत ब्राउझर, टंकलेखन आणि राखणदार यांची पंगत बसविली, कीं रॅम अपुरी पडते आणि यंत्र हार्ड डिस्कचा कांहीं भाग रॅमच्या जागीं वापरूं लागतें. जुन्या हार्ड डिस्कमध्यें तबकडी फिरत असते. पूर्ण तपासणीच्या वेळीं तिच्यावरील एकूण एक फाइल वाचावयाची, त्यांतच आपण एखादें पत्र उघडावयास सांगितलें, कीं दोन्हीं कामें रखडतात. रॅम ८ जीबी केली आणि फिरती डिस्क काढून एसएसडी बसविली, तर नवा संगणक न घेतांहि यांतील बराच त्रास कमी होतो. नुसता राखणदार हांकलून तेवढी सुधारणा होत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कित्येक घरांत तर एकाच यंत्रांत दोन अँटिव्हायरस ठेवतात. दोघेहि तीच फाइल तपासणार आणि प्रसंगीं परस्परांवरच संशय घेणार! विंडोज १० व ११ मध्यें डिफेंडर मुळांतच असतो. दुसरा बसविला तर तो सामान्यतः आपण होऊन बाजूस होतो. पूर्ण तपासणीची वेळ आपणांस ठरवितां येते. रात्रीं संगणक बंद असल्यास ती राहून जाते. म्हणून आम्ही तिला दुपारची वामकुक्षीची वेळ सुचवितों. तेव्हां यंत्राशीं कोणाचेंच काम नसतें.

या धंद्यांत महाराष्ट्राचा वांटा मोठा आहे. रहिमतपूरचे कैलास काटकर हे पुण्यांत कॅल्क्युलेटर-दुरुस्तीचें काम करीत. गिऱ्हाइकांचे संगणक व्हायरसनें वारंवार बिघडत, म्हणून धाकटे बंधु संजय यांनीं त्यावर प्रोग्रॅम लिहिला. १९९५ च्या सुमारास तो क्विक हील नांवानें बाजारांत आला. कचेऱ्यांसाठीं त्याच कंपनीची सेक्राइट ही वेगळी शाखा आहे. कचेरीच्या जाळ्यांतील प्रत्येक टोकाच्या यंत्रास एंडपॉइंट म्हणतात. तेथील राखणदार मध्यवर्ती ठिकाणीं सतत वर्दीहि देत असतो, म्हणून त्याचा शिधा अधिक.

राखण किती अवश्य आहे, हें २७ जून २०१७ रोजीं दिसलें. नॉटपेट्या नामक घातक प्रोग्रॅमनें न्हावाशेवा बंदरांतील एका टर्मिनलचें संगणकीय कामकाज बंद पाडलें. मात्र राखणदाराच्या हातीं अंतर्गृहाची किल्ली असते, हेंहि विसरूं नये. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळें जगांतील सुमारें ८५ लक्ष विंडोज यंत्रें कोलमडलीं. ती फाइल अवघीं ७८ मिनिटें वाटली गेली होती. त्या दिवशीं आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले! म्हणून महत्त्वाच्या कागदांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क यंत्रापासून सोडवून ठेवावी.

आतां विंडोज १० चे सर्वसाधारण मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपले आहेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० व ठराविक प्रोसेसर लागतो, त्यामुळें बरींच जुनीं यंत्रें त्याला चालत नाहींत. ज्यांनीं मुदतवाढीची नोंद केली नसेल, त्यांच्या यंत्रांतील नवीं भगदाडें बुजविलीं जाणार नाहींत; तेथें उत्तम अँटिव्हायरसहि अपुराच. असा संगणक मुलांच्या टंकलेखनास खुशाल द्यावा, परंतु बँकेचा आणि निवृत्तिवेतनाचा व्यवहार त्यावर करूं नये.