करून खाणाऱ्या पर्यटकाला दंड हवा की ओटा?

बेळगाव : सुट्ट्या लागल्या की बेळगावहून जांबोटी-चोर्लामार्गे गोव्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. त्यातल्या कित्येक गाड्यांत मागच्या बाजूला तांदळाची पिशवी, मोठं पातेलं आणि गॅसची शेगडी असते. आजी-आजोबा, दोन भाऊ, त्यांच्या बायका, पोरं असं आठ-दहा जणांचं बिऱ्हाडच निघालेलं असतं. जागा मिळेल तिथे गाडी थांबवायची, भात टाकायचा, जेवायचं आणि पुढे निघायचं. या पर्यटकाला सरकारी भाषेत नाव नाही. व्यवसायाच्या भाषेत मात्र आहे: ‘खर्च न करणारा’.

गोव्याने या मंडळींवर उपाय शोधला तो दंडाचा. 2019 च्या कायदा दुरुस्तीने पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणं, दारू पिणं आणि कचरा टाकणं यासाठी एकट्याला 2,000 आणि गटाला 10,000 रुपये दंड ठेवला. ऑक्टोबर 2022 मध्ये पर्यटन खात्याने आदेश काढून ही रक्कम 5,000 ते 50,000 पर्यंत नेली. किनाऱ्यावर उष्टं-खरकटं टाकून जाणाऱ्यांचा त्रास खरा आहे, त्यामुळे दंडाला विरोध करण्याचं कारण नाही. पण प्रश्न असा, की दंड झाल्यावर हे कुटुंब जेवणार कुठे?

हिशेब साधा आहे. समजा, आठ माणसं, तीन दिवस, दोन वेळचं जेवण. म्हणजे 48 ताटं. ताट 200 रुपयांचं धरलं तरी 9,600 रुपये होतात, चहा-नाश्ता वेगळाच. मध्यमवर्गीय घराला हे परवडत नाही. त्यात आजोबांना तिखट चालत नाही, लहान मुलाला मऊ भात लागतो. त्यामुळे करून खाणं ही फक्त कंजुषी नसते, ती गरजही असते.

ही गरज जीवावर कशी बेतते, हे ऑगस्ट 2023 मध्ये मदुराईला दिसलं. लखनौहून यात्रेला निघालेल्या प्रवाशांनी रेल्वेच्या खास डब्यात बेकायदेशीरपणे गॅस सिलिंडर नेला होता. उभ्या डब्याला आग लागली आणि नऊ जणांचा जीव गेला. आपल्याकडेही घाटात, उन्हात तापलेल्या बंद गाडीत सिलिंडर घेऊन फिरणं म्हणजे तोच धोका.

म्हणून यावर खरा उपाय म्हणजे डोक्यावर छप्पर असलेला स्वयंपाकाचा ओटा. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, भांडी, पाणी आणि अंगण. तुम्ही शिधा आणा, करून खा, दिवसा आसपास फिरा. अशा घराची जागा खानापूर तालुक्याइतकी सोयीची दुसरी कुठली? कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे, म्हादई याच डोंगरात उगम पावते, गवळीजवळ वज्रपोहा धबधबा आहे. 2011 मध्ये जाहीर झालेलं, सुमारे 190 चौरस किलोमीटरचं भीमगड अभयारण्य इथेच आहे. ज्यांना राफ्टिंग हवं, त्यांच्यासाठी पलीकडे जोयडा तालुक्यात गणेशगुडीला काळी नदी आहे.

आता मुद्दा येतो पैशाचा. रिसॉर्टमधलं कुटुंब सगळं एकाच काउंटरवर देतं. करून खाणारं कुटुंब मात्र दूध एका घरातून घेतं, अंडी दुसऱ्या, भाजी तिसऱ्या आणि गावठी कोंबडी चौथ्या घरातून. भाडं घरमालकाला, वाट दाखवण्याचे पैसे गावातल्या पोराला. रक्कम लहान असेल, पण ती गावात फिरते. जंगलाच्या नियमांनी शेती, रस्ता, वीज सगळंच अडलेल्या गावांना ही गोष्ट लहान नाही. जमीन बाहेरच्याने घ्यायची आणि गावकऱ्याने तिथे राखणदार म्हणून राहायचं, हे नको असेल तर घर गावकऱ्याच्या नावावर असतानाच हा धंदा उभा राहायला हवा.

सरकारी चौकट थोडी तरी आहे. केंद्राच्या बेड अँड ब्रेकफास्ट-होमस्टे योजनेत मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहावं आणि खोल्या 1 ते 6 असाव्यात, अशी अट आहे. फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात होमस्टेसाठी मुद्रा कर्जाची घोषणाही झाली. पण या सगळ्याचा विचार ‘मालक नाश्ता देईल’ इथेच थांबतो. पाहुण्याला स्वयंपाकघर भाड्याने देण्याचा विचार त्यात नाही. ग्रामपंचायत, तहसील आणि वन खातं यांनी एकत्र बसून हा भाग सोडवायला हवा.

गावकऱ्यांनाही काही पथ्यं पाळावी लागतील. घरचा 14.2 किलोचा सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, 19 किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. चुलीसाठी अभयारण्यातली लाकडं तर मुळीच नकोत. खरकटं उघड्यावर टाकलं तर अस्वल आणि डुक्कर दाराशी येतील, त्याचा भोग पाहुणा गेल्यावर गावालाच.

आणि सगळ्यात मोठं पथ्य पाण्याचं. जुलै 2023 मध्ये गोव्यात मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि वन खात्याने धबधबे बंद केले. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागे एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तेही सुट्टीला आलेलं कुटुंबच होतं. वर डोंगरात पाऊस झाला की खाली पाणी मिनिटांत चढतं, हे शहरातल्या पाहुण्याला माहीत नसतं. गावातल्या माणसाला असतं. रस्त्यावर थांबलेल्या गाडीला सांगणारं कुणी नसतं. घरात उतरलेल्या पाहुण्याला मात्र ‘आज तिकडे जाऊ नका हं, पोरांना तर सोडूच नका’ असं सांगणारी घरमालकीण असते. बंदीच्या फलकापेक्षा या एका वाक्याचा उपयोग जास्त होईल.

शेगडी घेऊन निघालेलं कुटुंब दंडाच्या भीतीने घरी बसणार नाही. ते पुढच्या वळणावर थांबेल. ते वळण आपल्या हद्दीत आहे. तिथे पोलिसाची पावती असावी की गावकऱ्याच्या घराचं दार, हे येत्या सुट्टीआधी ठरवायला हवं.