घरबसल्या नोकरी : आधी हिशोब, मग राजीनामा



दोन वर्षांपूर्वी रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी माझी खालाची मुलगी आमच्याकडे आली. शीरखुर्मा झाला, मुले खेळायला गेली, तेव्हा तिने पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला. "आपा, राजीनामा लिहून ठेवलाय. सोमवारी देते. आता घरी बसूनच काम करणार."

ती एका विनाअनुदानित शाळेत शिकवत होती. वय अडतीस, बीएड, नोकरीला अकरा वर्षे, पगार 18,000. नवरा आखातातून परत आलेला, त्याचे दुकान अजून बसायचे होते. मोठी मुलगी दहावीला जाणार होती. "कसले काम?" असे विचारल्यावर तिने मोबाईल पुढे केला. टेलिग्रामवर कोणीतरी तिला व्हिडिओ लाईक करण्याचे काम दिले होते आणि पहिल्या दिवशी खात्यात 150 रुपये आलेही होते. पुढच्या कामासाठी 5,000 भरायचे, 6,500 मिळणार.

मी तिला एवढेच म्हणाले, "बहना, पगार देणारा माणूस आधी तुझ्याकडून पैसे का मागतो?"

हा प्रश्न माझ्याकडे उशिरा आला होता. आदल्या वर्षी आमच्याच घरातल्या एकीचे असेच 40,000 गेले होते. मुलीच्या फीसाठी ठेवलेले पैसे होते ते. घरात आठ दिवस कोणी कोणाशी नीट बोलत नव्हते. या फसवणुकीची रीत ठरलेली असते. आधी थोडे पैसे खरेच देतात. विश्वास बसला की भरायला लावतात. मोबाईलवरच्या 'वॉलेट'मध्ये आकडा वाढताना दिसतो, पण काढायला गेले की 'टॅक्स' मागतात. दुसरी रीत डाटा एन्ट्रीची. करारावर सही घेतात, काम झाले की 'अचूकता कमी भरली' म्हणून दंड मागतात आणि वकिलाच्या नावाने नोटीस पाठवतात. लोक इज्जतीला घाबरून पैसे भरतात. तिसरी सर्वांत घातक. 'तुमचे बँक खाते वापरायला द्या, कमिशन घ्या.' त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरतो आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारी. असे काही घडले तर लाज बाळगू नका. ताबडतोब 1930 या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

मग घरबसल्या चांगले काम मिळतच नाही का? मिळते. हजरत खदीजा (रजि.) मक्केत राहूनच व्यापार करत. त्यांचा माल काफिल्याबरोबर सीरियापर्यंत जाई. प्रेषित मुहम्मद (स.) निकाहापूर्वी त्यांचा माल घेऊन गेले होते, हे आपण सर्व जाणतो. पण त्यांनी माल कोणाच्या हाती दिला? ज्याच्या सचोटीची खात्री होती, त्याच्या हाती. दूर बसून काम करायचे तर माणूस पारखणे जास्त गरजेचे असते.

त्या दिवशी आम्ही दोघींनी वहीत दोन हिशोब मांडले. पहिला, तिला येते काय? ती म्हणाली, "मला फक्त शिकवता येतं, आपा." मी म्हटले, अकरा वर्षे पाठ टाचण कोणी लिहिले? उद्दिष्ट ठरवणे, धडा तुकड्यांत मांडणे, मूल कुठे अडेल हे आधी ओळखणे, प्रश्नपत्रिका काढणे, हे सगळे काम ऑनलाईन अभ्यासक्रम बनवणाऱ्या कंपन्यांना लागते. त्याला इन्स्ट्रक्शनल डिझाईन असे भारी नाव आहे, पण त्याचा पाया आपल्या टाचण वहीतच आहे. शिवाय तिला उर्दू आणि मराठी दोन्ही उत्तम येतात. अशी माणसे भाषांतराला, उपशीर्षकांना, आवाज ऐकून लिहून काढायला लागतात. मात्र उर्दू इनपेजमध्ये टाईप करायची सवय असेल तर युनिकोड शिकावे लागते. आणि ऐकून लिहिण्याचे काम सोपे वाटले तरी नवख्या माणसाला एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला चार तास सहज लागतात. दर विचारताना हे लक्षात ठेवा.

परदेशातल्या मुलांना उर्दू किंवा कुरआन वाचन शिकवणे हाही मार्ग आहे. पण घड्याळ पाहा. रियाधमध्ये संध्याकाळचे पाच म्हणजे आपल्याकडे साडेसात. ते जमू शकते. लंडनचे पाच म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे साडेदहा. न्यूयॉर्कचे पाच म्हणजे पहाटेचे साडेतीन. सहरीची वेळ रोजची होणार असेल तर तब्येतीचाही हिशोब करावा लागेल.

दुसरा हिशोब पैशांचा. समजा घरबसल्या महिना 25,000 मिळाले. सुट्या कामात वर्षातले दोन महिने कोरडे जातात असे धरले तर वर्षाचे 2,50,000. त्यातून इंटरनेटचे 9,600 वजा करा. 48,000 चा लॅपटॉप चार वर्षे चालला तर वर्षाला 12,000. वीज आणि इन्व्हर्टरचे 6,000. उरले 2,22,400, म्हणजे महिन्याला 18,533. येण्याजाण्याचे सरासरी 1,200 वाचतील, ते धरून 19,733. इकडे शाळेचा पगार 18,000, पीएफमध्ये शाळेचा वाटा 1,800, एकूण 19,800. घरचे 25,000 आणि शाळेचे 18,000 जवळजवळ सारखेच निघाले! ती बराच वेळ वहीकडे पाहत होती. मग म्हणाली, "म्हणजे तीस हजारांच्या खाली विचारच करायचा नाही." मी म्हटले, "आणि पीएफ, ग्रॅच्युइटी असलेली पगारी नोकरी मिळाली तर आणखी बरे. ती घरबसल्याही असते."

कायद्याची बाजूही पाहिली. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 28 ने शिक्षकांना खासगी शिकवणीची मनाई केली आहे. अल्पसंख्याक शाळांना 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या कायद्यातून वगळले, तरी नेमणूकपत्रात तशी अट असू शकते. ती आधी वाचा. शाळेचा पगार घेत चोरून दुसरे काम केले तर ती अमानतीत खयानत होईल. तिने संस्थेला अर्ज दिला आणि सुटीत व रविवारी भाषांतर करण्याची लेखी परवानगी घेतली. खासगी शाळांच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमांप्रमाणे कायम शिक्षकाने तीन महिन्यांची नोटीस द्यायची असते, हेही तिला तेव्हाच कळले. सोमवारचा राजीनामा पर्समध्येच राहिला.

मे महिन्याच्या सुटीत तिने तीन ठिकाणी चाचणी दिली. दोन ठिकाणी नापास झाली. तिसरीकडे काम मिळाले, महिन्याचे जेमतेम 6,000. एका ठिकाणचे चांगले पैसे तिने स्वतः नाकारले, कारण भाषांतर जुगाराच्या ॲपचे होते. "आपा, घरात पैशाची इतकी गरज असताना 'नाही' लिहिताना हात थरथरला," ती म्हणाली. घरातल्या पडद्यावर आलेल्या कामालाही हलाल-हरामचा नियम तोच.

घरातली अडचण मात्र वेगळीच निघाली. ती कामाला बसली की, "घरीच आहेस ना, जरा कांदा चिर." पाहुणे आले, चहा ठेव. शाळेत असताना कोणी असे हाक मारत नव्हते. शेवटी तिच्या सासूबाईंनीच नियम केला, दहा ते एक दार लोटलेले असेल तर बहू शाळेत आहे असे समजायचे. ज्या घरात एवढा नियम पाळला जात नाही, तिथे घरबसल्या नोकरी म्हणजे बाईला दुप्पट काम. भाईंनो, हे तुमच्यासाठी. घरखर्चाची जबाबदारी शरीअतने पुरुषावर ठेवली आहे आणि स्त्रीची कमाई तिची स्वतःची मानली आहे. ती घरात घालते तो तिचा एहसान आहे, तुमचा हक्क नव्हे.

पुढची दिवाळी येईपर्यंत तिने टाचण वहीतले तीन धडे संगणकावर नव्याने बांधून नमुने तयार केले. दहा-बारा अर्ज गेले. अखेर अभ्यासक्रम बनवणाऱ्या एका कंपनीने मुलाखत घेतली, पैसे न मागता. नेमणूकपत्रात पगार 32,000, पीएफ, कामाचे तास, रजा, सगळे लिहिलेले. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. अनोळखी माणसाशी दूरवरून काम करताना ती शिकवण जास्तच लागू पडते. तोंडी आश्वासनावर काम सुरू करू नका.

कंपनीला ती लगेच हवी होती. तिने सांगितले, "माझ्या दहावीच्या मुलांची परीक्षा आहे. एप्रिलनंतर येईन." नोकरी हातची जाईल या भीतीने तिने ते चार दिवस कसे काढले, ते तिलाच ठाऊक. इस्तिखारा केला, नवऱ्याशी मश्वरा केला आणि शब्द बदलला नाही. कंपनी थांबली. जानेवारीत तिने नोटीस दिली, परीक्षा पार पाडल्या, अनुभवाचा दाखला घेतला आणि सन्मानाने बाहेर पडली. तोपर्यंत सहा महिन्यांचा घरखर्चही बाजूला पडला होता.

आता ती सुखात आहे का? पगार वेळेवर येतो. पण परवा म्हणाली, "आपा, मुलांचा गलका आठवतो. दिवसभरात कोणी 'टीचर' म्हणत नाही." नोकरी बदलली की काही मिळते, काही सुटते. सुटणार काय तेही आधी मोजून घ्या.

ज्या बहिणीच्या पर्समध्ये आज असा कागद असेल, तिने तो फाडू नये आणि घाईने देऊही नये. आधी वही उघडावी. अल्लाह आपल्या सर्वांना हलाल रोजी देवो आणि तिच्यात बरकत घालो. आमीन.