विश्लेषण : भात-भाकरी सोडणारे खेळाडू मागे का पडतात? ‘रेड्स’ म्हणजे नेमके काय?

‘कार्ब्स बंद करा, वजन उतरेल आणि वेग वाढेल,’ हा सल्ला आता जिममधून धावपटूंच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत पोहोचला आहे. मात्र रोज दोन-अडीच तास सराव करणाऱ्या खेळाडूने ताटातून भात, भाकरी, बटाटा काढून टाकला, तर वजनाबरोबर हाडांची ताकद, मासिक पाळी आणि कामगिरीही घसरू शकते. क्रीडावैद्यकात या अवस्थेला ‘रेड्स’ म्हणतात. ती कशी उद्भवते आणि घरातल्या साध्या अन्नाने ती कशी टाळता येते, याविषयी…

‘रेड्स’ म्हणजे काय?

सरावात खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या तुलनेत खाणे दीर्घकाळ अपुरे राहिले, की शरीर काटकसर सुरू करते. पाळी, हाडांची झीज भरून काढणे, रोगप्रतिकारशक्ती, चयापचय अशा कामांची ऊर्जा कापली जाते. नव्वदच्या दशकात हा प्रश्न केवळ महिला खेळाडूंचा मानला जात होता. अपुरा आहार, बिघडलेली पाळी आणि ठिसूळ हाडे असे त्याचे त्रिकूट सांगितले जाई. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये व्याख्या विस्तारली, पुरुषांचाही त्यात समावेश केला आणि या अवस्थेला ‘रेड्स’ हे नाव दिले. २०१८ आणि २०२३ मध्ये ही भूमिका अद्ययावत झाली.

ऊर्जेचा हिशेब कसा मांडतात?

दिवसभरात खाल्लेल्या उष्मांकांतून सरावात खर्च झालेले उष्मांक वजा करायचे आणि उरलेल्या आकड्याला चरबी वगळून उरणाऱ्या वजनाने भागायचे. उत्तर ४५च्या आसपास असेल तर शरीराची गरज भागते. ते ३०च्या खाली गेले, की संप्रेरकांचा ताल बिघडू लागतो, असे महिलांवरील प्रयोगांत दिसले. मात्र ही सर्वांना लागू होणारी काटेकोर रेषा नाही. प्रत्येकाचे शरीर वेगळे असते.

उदाहरण घेऊ. एका धावपटू मुलीचे वजन ५० किलो आहे आणि त्यातील चरबी २० टक्के. म्हणजे चरबीविरहित वजन ४० किलो. ती २००० उष्मांक खाते आणि सरावात ८०० खर्च करते. उरतात १२००, म्हणजे किलोमागे ३०. तिला ४५ गाठायचे तर २६०० उष्मांक हवेत. रोजची तूट ६०० उष्मांकांची. ही तूट भुकेवरून कळेलच असे नाही, कारण कठोर सरावानंतर अनेकांची भूक काही काळ मंदावते.

कर्बोदकांवरच भर का?

स्नायूंमध्ये साधारण ४०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात सुमारे १०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली असते. वेगाने धावताना, चढ चढताना, कबड्डीत चढाई करताना शरीर प्रामुख्याने याच साठ्यावर चालते. साठा मर्यादित असल्याने तो रोज भरावा लागतो.

दुसरे कारण हाडांशी संबंधित आहे. चालण्याच्या शर्यतीतील अव्वल खेळाडूंना साडेतीन आठवडे अतिशय कमी कर्बोदकांचा आहार दिला असता, हाडे झिजण्याचे रक्तातील निर्देशक वाढले आणि हाडे बनण्याचे घटले. उष्मांक पुरेसे असूनही हा परिणाम दिसला. त्यामुळेच ऑलिम्पिक समितीच्या २०२३च्या भूमिकेत कर्बोदकांच्या कमतरतेचा स्वतंत्र धोका म्हणून उल्लेख आहे. भात-भाकरी सोडून केवळ प्रथिने वाढवणाऱ्या खेळाडूने हे लक्षात घ्यायला हवे.

केनियाच्या धावपटूंचे ताट काय सांगते?

केनियाच्या अव्वल धावपटूंच्या आहाराचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या ऊर्जेचा सुमारे तीन चतुर्थांश वाटा कर्बोदकांतून येत होता. वजनाच्या किलोमागे दिवसाला जवळपास १० ग्रॅम. मुख्य अन्न होते उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. जोडीला भात, बटाटे, पाव, घेवडा आणि साखर घातलेला दुधाचा चहा. आपल्याकडच्या भाकरी-उसळीच्या जेवणापासून हे फार दूर नाही. पण त्याच अभ्यासात या धावपटूंचे खाणे खर्चापेक्षा कमी भरले. म्हणजे अन्नाचा प्रकार योग्य असला तरी प्रमाण अपुरे पडू शकते.

आपल्या ताटात काय असावे?

रोज एक ते तीन तास सराव करणाऱ्याला वजनाच्या किलोमागे ६ ते १० ग्रॅम, तर तासभर मध्यम सराव करणाऱ्याला ५ ते ७ ग्रॅम कर्बोदके लागतात, असे क्रीडापोषणाचे मान्य प्रमाण आहे. ५० किलोच्या खेळाडूसाठी ही किमान ३०० ग्रॅम होतात. साठ ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे ४० ग्रॅम, साठ ग्रॅम कोरड्या पोह्यांत सुमारे ४५, मध्यम केळ्यात २० ते २५ आणि पन्नास ग्रॅम तांदळाच्या भातात सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके असतात. दिवसभरात चार भाकऱ्या, नाश्त्याला पोहे, दोन केळी आणि एकवेळ भात घेतला, की ३०० ग्रॅमचा टप्पा जवळपास गाठला जातो. वरण, उसळ, दूध, अंडी वेगळी.

वर मांडलेली ६०० उष्मांकांची तूटही शेंगदाणे घातलेले बशीभर पोहे, दोन केळी आणि एका गूळ-शेंगदाण्याच्या लाडवाने भरून निघू शकते. वेळही महत्त्वाची. पहाटे उपाशीपोटी धावून दहा वाजता जेवण्यापेक्षा, आधी एक केळे आणि सराव संपताच खाणे अधिक हिताचे. उपवासाच्या दिवशी रताळे, साबुदाणा, राजगिरा, केळी यांतून कर्बोदके मिळतात. निर्जळी उपवास असेल तर त्या दिवशी कठोर सराव टाळावा.

केवळ ‘नैसर्गिक’ खाण्याने भागते का?

नेहमीच नाही. भरड धान्ये, कडधान्ये, कोशिंबिरी यांत तंतू भरपूर असल्याने पोट लवकर भरते. बैठे काम करणाऱ्याला हे फायद्याचे. दिवसात दोनदा सराव करणाऱ्याला मात्र त्यामुळेच तूट येऊ शकते. युरोपातील सहनशक्तीच्या खेळांतील महिला खेळाडूंच्या अभ्यासात अतितंतुमय आणि कमी उष्मांकांचा आहार हीच चिंतेची बाब ठरली. म्हणून मोठ्या सरावाच्या दिवशी पांढरा भात, बटाटा, गूळ, खजूर, तूप यांना जागा द्यावी. अडीच तासांहून लांब शर्यतीत तासाला ९० ग्रॅमपर्यंत कर्बोदके घेण्याची शिफारस असते. तेवढी केवळ केळ्यांतून घेणे पोटाला जड जाते. तिथे शर्करायुक्त पेय किंवा जेल घेण्यात गैर नाही.

धोका कोणाला आणि ओळखायचा कसा?

लांब पल्ल्याचे धावपटू, सायकलपटू, जिम्नॅस्ट, गिर्यारोहण-क्लाइंबिंगचे खेळाडू आणि वजनगटात लढणारे कुस्तीगीर यांना धोका अधिक. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगट केवळ १०० ग्रॅम जादा वजनामुळे अपात्र ठरली, तेव्हा वजन उतरवण्याची शेवटच्या काही तासांची धडपड देशाने पाहिली. ‘रेड्स’ ही त्याहून वेगळी, महिनोन्‌महिने शांतपणे चालणारी प्रक्रिया आहे.

तीन महिने वा अधिक काळ पाळी न येणे, पंधराव्या वर्षापर्यंत ती सुरूच न होणे, हाडाला वारंवार बारीक तडे जाणे, सतत सर्दी-खोकला, न उतरणारा थकवा, चिडचिड आणि पुरुषांमध्ये कामेच्छा घटणे ही लक्षणे आहेत. ‘सरावाने पाळी जातेच’ हा मैदानावरचा समज सर्वांत घातक आहे. हाडांचा बहुतांश साठा किशोरवयात तयार होतो आणि तेव्हाची तूट पुढे पूर्णपणे भरून निघेलच असे नाही. अशा वेळी गोळ्या घेऊन पाळी आणण्याआधी डॉक्टरांकडून खरे कारण शोधायला हवे.

उपाय कोणाच्या हाती?

आंतरराष्ट्रीय क्लाइंबिंग महासंघाने २०२४ मध्ये ‘रेड्स’साठी स्वतंत्र धोरण आणले आणि खेळाडूंची आरोग्यतपासणी करण्याची जबाबदारी राष्ट्रीय संघटनांवर टाकली. आधीच्या वर्षी त्याच्या वैद्यकीय आयोगातील दोन डॉक्टरांनी याच प्रश्नावरील निष्क्रियतेमुळे राजीनामे दिले होते.

आपल्याकडे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींपासून क्रीडा वसतिगृहांपर्यंत हजारो जण पहाटे धावतात. त्यांच्यासाठी महागड्या पावडरींपेक्षा सरावानंतर लगेच मिळणारा पोटभर नाश्ता, भाकरी-भाताला हात न आखडणारी खानावळ आणि वजनकाट्याइतक्याच सहजतेने पाळीबद्दल विचारणारा प्रशिक्षक अधिक उपयोगी आहे. घरातही सर्वांत शेवटी, उरलेले जेवणारी मुलगी खेळाडू असेल, तर ताट वाढण्याचा क्रम बदलावा लागेल.