शहराची वाटणी

मोठ्या शहराचा अभ्यास करायचा तर त्याचे भाग पाडावेच लागतात. अख्खे पुणे एका घासात कसे खाणार? पण मंडळी, रेघ कुठे ओढली यावरच पुढे काय दिसणार आणि काय झाकले जाणार हे ठरते.

जुन्या पुण्यात पेठा हे आयते विभाग होते. कसबा, रविवार, भवानी असे नुसते नाव घेतले, तरी तिथली वस्ती आणि धंदे डोळ्यांपुढे येत. गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी केलेल्या पुण्याच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचा पहिला भाग १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. महापालिका झाली १९५० मध्ये. पुढे शहर वाढतच गेले. २०१७ मध्ये ११ गावे हद्दीत आली, २०२१ मध्ये आणखी २३. आता पेठांवर भागत नाही.

मग सोपा उपाय म्हणून निवडणुकीचे प्रभाग घेतले जातात. माझा आक्षेप इथेच आहे. २०१२ मध्ये पुण्यात ७६ प्रभाग होते, २०१७ मध्ये ४१. गल्ल्या त्याच, माणसे बहुतेक तीच, पण आकडे जुळवायचे कसे? मुलाची उंची दर वर्षी नव्या पट्टीने मोजली, तर मूल वाढले की पट्टी आखडली, हे कळणार कसे?

दुसरे दुखणे सरासरीचे. वर्गात निम्म्या मुलांना ८० गुण आणि निम्म्यांना २०, तर सरासरी ५०. पण पन्नास गुणांचे मूल वर्गात एकही नाही! पर्वतीच्या उतारावरची जनता वसाहत आणि सहकारनगरातले बंगले एकाच विभागात घातले की असेच होते. कागदावर सगळे मध्यमवर्गीय.

हा केवळ कागदी वाद नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात एकवटलेले आढळले. संशय पाण्यावर गेला. अशा वेळी प्रभागाचा क्रमांक काय कामाचा? कोणत्या घरी कोणत्या विहिरीचे, टाकीचे किंवा टँकरचे पाणी येते, ती सीमा हाताशी हवी. १८५४ मध्ये लंडनच्या जॉन स्नो यांनी पटकीचे मृत्यू कोणत्या घरांत झाले ते तपासले, तेव्हाच ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाकडे बोट दाखवता आले.

माझे म्हणणे साधे आहे. जनगणनेच्या कामाला गेलेल्या आम्हा शिक्षकांना प्रगणक गट चांगला ठाऊक आहे. काही गल्ल्यांचा, एका माणसाला मोजता येईल एवढा तो तुकडा. असे लहान तुकडे एकदा आखावेत आणि त्यांच्या कडा पुन्हा हलवू नयेत. वस्ती वाढली तर तुकड्याचे आतल्या आत दोन करावेत. मग पाण्याच्या अभ्यासाला ते एका प्रकारे जुळवा, शाळांच्या अभ्यासाला दुसऱ्या. मणी तेच, माळ हवी तशी ओवा.

२०२१ ची जनगणना लांबली आणि पुढे २०२७ साठी जाहीर झाली. पुण्याचे २०११ चे एकतीस लाख कुठे किती वाढले हे त्यातून कळायचे असेल, तर जुन्या कडा नव्या नकाशावर दिसायलाच हव्यात. नाहीतर टँकरची वाट पाहणारी वाडी शेजारच्या मनोऱ्यांच्या सरासरीत बुडून जाईल.

असो. तुमच्या गावात कशी वाटणी करतात, ते जरूर लिहा.