अक्षरशः ऐकणारा चाकर



अभियांत्रिकीच्या किंवा विज्ञानाच्या पहिल्या वर्षाला गेलेली आपली मुले नाताळच्या सुटीत घरी येतात, तेव्हा त्यांतील एखादा तरी गप्प गप्प असतो. दहावीला तो शाळेत पहिला आलेला असतो, गणितात त्याला कधी अडलेले नसते. खोदून विचारले तर म्हणतो, प्रोग्रॅमिंग डोक्यात शिरत नाही, शहरातली मुले फार पुढे आहेत, मला दुसरीकडे घाला. आई काळजीत पडते आणि वडिलांना फीसाठी काढलेले कर्ज आठवू लागते. आजचे हे चार शब्द अशा घरांसाठी आहेत.

प्रथम हा विषय काय आहे ते पाहू. संगणकाला काम सांगण्यासाठी क्रमाने लिहिलेल्या आज्ञांची यादी म्हणजे प्रोग्रॅम. ती लिहिण्यासाठी काही ठरीव भाषा आहेत. ज्याचे मुख्यालय आपल्या बेळगावात आहे, त्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या २०२२ च्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षासाठी 'सी' भाषेचा विषय होता. ही भाषा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडवली. मराठी शाळेतून गेलेल्या मुलाला इंग्रजीची धास्ती असते, म्हणून मुद्दाम सांगतो की, १९८९ च्या प्रमाणानुसार या भाषेचे राखीव शब्द अवघे ३२ आहेत. धर्मशिक्षणाच्या वर्गातील पाचवीची पोरे याहून कितीतरी अधिक शब्द तोंडपाठ म्हणतात!

तेव्हा अडचण शब्दांची नाही. संगणक हा अक्षरशः ऐकणारा चाकर आहे, ही खरी अडचण. शेतावरच्या गड्याला आपण म्हणतो, "टोपलीतले सर्वांत मोठे रताळे काढ." तो एक नजर टाकतो आणि काढतो. संगणकाला अशी नजर नाही. त्याला सांगावे लागते की, पहिले रताळे हाती धर, दुसरे उचल, ते हातातल्याहून मोठे असेल तर हातातले खाली ठेव आणि हे धर, टोपली संपेपर्यंत असेच कर. जे काम आपण आजवर न कळत करीत आलो, ते कसे करतो हे शोधून शब्दांत मांडणे म्हणजेच हा विषय होय. हुशार मुलालाही हे जड जाते, कारण शाळेत त्याला उत्तर विचारले जात असे. उत्तर काढण्याची रीत दुसऱ्याला, आणि तीही समज नसलेल्याला, सांगण्याची वेळ त्याच्यावर कधी आलेली नसते.

आता हेच काम आकड्यांवर करताना पुष्कळ मुले आरंभी हाती शून्य धरतात आणि पुढचे आकडे त्याच्याशी ताडून पाहतात. रुपये मोजताना ते चालून जाते. परंतु हिमालयातील एखाद्या ठाण्याची हिवाळ्यातली तपमाने दिली आणि ती सारी शून्याखालची असली, तर प्रोग्रॅम बिनदिक्कत सांगतो की, सर्वांत मोठा आकडा शून्य, जो त्या यादीत मुळी नाहीच. यंत्राने काही बिघडवलेले नसते. त्याने सांगितले तेवढेच केले.

गणितात तरबेज असलेल्या मुलाला आणखी एक ठेच लागते. 'क्ष बरोबर क्ष अधिक एक' असे फळ्यावर लिहिलेले पाहून तो चक्रावतो, कारण बीजगणितात हे सरळसरळ खोटे आहे. येथे मात्र बरोबरचे चिन्ह समता दाखवीत नाही, ती आज्ञा असते. उजवीकडचा हिशेब कर आणि डावीकडे ज्याचे नाव आहे त्या डब्यात ठेव, असा तिचा अर्थ. दोन गोष्टी समान आहेत का हे विचारायचे असेल तर सीमध्ये तेच चिन्ह दोनदा लिहावे लागते. समजा, मुलाला लिहायचे होते की, ज्याचे गुण ३५ आहेत त्याच्यापुढे 'काठावर उत्तीर्ण' असे लिही. त्याने चिन्ह एकदाच लिहिले, तर संगणक प्रत्येकाचे गुण ३५ करून टाकतो आणि नव्वदवाल्यालाही काठावर आणून बसवतो. नापास झालेल्यालाही तसेच! बहुधा फार तर एक इशारा मिळतो, काम मात्र अडत नाही. मुलगा दोन तास डोके धरून बसतो आणि आपण मठ्ठ आहोत अशी त्याची समजूत होते. वस्तुतः ही चूक अनुभवी माणसांच्या हातूनही होते.

चुकांचे संदेश पाहून घाबरण्याचेही कारण नाही. ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला तर यंत्र कधी कधी पुढच्या ओळीवर बोट ठेवते. सातव्या ओळीत चूक दाखवली की सहावीही पाहावी, एवढी युक्ती कळली तरी पुष्कळ मनस्ताप वाचतो. दुसरी युक्ती जुनी आहे, पण तिच्यासारखी दुसरी नाही. कागदावर डब्यांची नावे लिहावीत आणि आपणच संगणक होऊन एकेक ओळ चालवावी, प्रत्येक डब्यातला आकडा खोडून नवा लिहीत जावा. याला वीज लागत नाही. घरच्या ओसरीवर कंदिलाच्या उजेडातही हे होते.

शहरातली मुले पुढे आहेत हे काही अंशी खरे आहे; त्यांनी यंत्र आधी हाताळलेले असते. परंतु हा विषय मुळी नवख्यांसाठी आखला गेला. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी १९६४ साली 'बेसिक' नावाची सोपी भाषा सुरू केली, ती विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही प्रोग्रॅम लिहिता यावेत म्हणूनच. आपल्या वाचकांना आवडेल अशी आणखी एक गोष्ट आहे. सिस्टर मेरी केनेथ केलर या व्रतस्थ भगिनींनी १९६५ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात संगणकशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली. अमेरिकेत हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. त्यांचे वय त्या वेळी ५१ वर्षांचे होते. पुढे आयोवा राज्यातील क्लार्क महाविद्यालयात संगणकशास्त्राचा विभाग उभारून त्यांनी सुमारे वीस वर्षे तो सांभाळला. तेव्हा अठराव्या वर्षी उशीर झाला असे कोणी म्हणू नये.

खरा धोका निराळाच आहे आणि त्याविषयी मला स्पष्ट बोलले पाहिजे. वरच्या वर्गातील मुलाचे जर्नल घेऊन उतरवून काढायचे, ही चाल जुनी आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून तर उतरवण्याचेही कष्ट उरले नाहीत. प्रश्न टाकला की तयार प्रोग्रॅम समोर येतो. जर्नलवर सही होते, घरी सारे ठीक वाटते. मग प्रॅक्टिकलच्या परीक्षेत एकट्याने यंत्रासमोर बसल्यावर बोटे थिजतात. जो मुलगा रडतकुढत का होईना स्वतः लिहितो, त्याची मला फारशी चिंता वाटत नाही. ज्याचे सर्व काही पहिल्या आठवड्यापासून बिनचूक आहे, त्याच्या आईवडिलांनी जरा जवळ जाऊन पाहावे. "किती गुण?" असे न विचारता "या आठवड्यात कुठे अडलास आणि ते कसे सुटले?" असे विचारावे. आपल्याला विषय कळत नसला तरी उत्तर देणाऱ्याचा चेहरा कळतो.

महागड्या लॅपटॉपसाठी कोणी दागिने गहाण टाकू नयेत. पहिल्या वर्षाचे सी शिकण्यास जुना साधा संगणक पुरतो आणि त्यासाठी लागणारा 'जीसीसी' हा प्रोग्रॅम विनामूल्य मिळतो. मुंबईच्या आयआयटीने चालवलेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात सीचे धडे मराठी आवाजातही आहेत, तेही फुकट. एक धडा ऐकावा, थांबवावा, तेच स्वतः लिहून चालवून पाहावे, मग पुढचा लावावा. ज्याच्या घरी संगणक नाही त्याने कॉलेजातील लॅबच्या नेमलेल्या तासांखेरीज यंत्र कधी मोकळे असते, हे पहिल्याच आठवड्यात तेथील सहायकाला विचारून ठेवावे.