अंगठ्यांची बेरीज

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून दवाखान्यात आले. सदरा घामाने भिजलेला, तोंडाला लाळ सुटलेली, पोटात कळा, डोळ्यांपुढे अंधुक. बॅटरी मारून पाहिले तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ‘गुरुजी, कसली फवारणी केलीत का?’ असे विचारताच त्यांनी मान हलवली. गच्चीवरच्या कुंड्यांतल्या वांग्यांवर मावा पडला होता. कपडे उतरवून अंग साबणाने धुतले, अॅट्रोपिनचे इंजेक्शन दिले आणि जिल्हा रुग्णालयात पाठवले. चार दिवसांनी ते घरी आले. वेळेवर निघाले म्हणून निभावले.

अशी विषबाधा आपल्याकडे नवी नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते वाचकांच्या स्मरणात असेलच. हे विष कातडीतूनही अंगात शिरते, हातमोजे नसले की पुरे. गुरुजींनी फवारले होते मोनोक्रोटोफॉस, गावाकडच्या गोठ्यात पडून राहिलेली जुनी बाटली. भाजीपाल्यावर ते वापरायला 2005 सालापासून बंदी आहे. बाटलीवर कवटीचे चित्र आणि त्याखाली लाल त्रिकोण असतो. उभा जन्म मुलांना वाचायला शिकवणाऱ्या माणसाने तो पाहिला नाही, याचे मला नवल वाटले. त्यांचे उत्तर असे: ‘डॉक्टर, त्या सल्ल्याला साठ अंगठे होते हो!’

इथे थोडे मागे गेले पाहिजे. निवृत्तीनंतर गुरुजींचा रक्तदाब वाढला, तेव्हा ‘एखादा छंद लावून घ्या’ असे मीच सांगितले होते. त्यांनी गच्चीवर बाग केली आणि गावातल्या बागप्रेमींच्या व्हॉट्सअॅप गटात सामील झाले. पहिल्या गुलाबाच्या फोटोला चाळीस अंगठे मिळाले, दुसऱ्याला सहाच. मग रात्री दोन-दोनदा उठून फोन पाहणे सुरू झाले. (स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून दाखवले होते की, दाणा कधी मिळतो नि कधी मिळत नाही अशी स्थिती असली, तर पक्षी चोच मारायची थांबत नाही.) झोप मोडली की रक्तदाब कसा वाढतो, हे मी या स्तंभात पूर्वी लिहिले आहे. पण तो त्रास या प्रकारापुढे किरकोळ म्हणायचा.

माझी तक्रार छंदाबद्दल नाही आणि फोनबद्दलही नाही. फेसबुकने 2009 साली अंगठा आणला, व्हॉट्सअॅपने 2022 साली. सुरुवातीला व्हॉट्सअॅपवर सहा खुणा होत्या: अंगठा, बदाम, हसू, आश्चर्य, अश्रू आणि जोडलेले हात. ‘हे चूक आहे’ असे सांगणारी खूण त्यांत नव्हती. आता हवी ती खूण देता येते, पण आपल्या गावात चारचौघांत कोण कोणाला उलटा अंगठा दाखवणार? फुलाच्या फोटोला अंगठा दिला तर बिघडत नाही. तोच अंगठा औषधाच्या सल्ल्याखाली आला की वाचणाऱ्याला वाटते, साठ जणांनी वापरून पाहिले, साठ जणांना गुण आला.

प्रत्यक्षात काय होते? त्या साठांपैकी चौघे माझ्या ओळखीचे. एक म्हणाले, ‘वाचले, म्हणून दाबला.’ दुसऱ्या बाई म्हणाल्या, ‘गुरुजींना कोणीतरी उत्तर दिले, बरे वाटले.’ तिसऱ्यांना आठवतही नव्हते. चौथा मी स्वतः. दवाखाना बंद करून जेवता जेवता मी औषधाचे नाव न वाचताच अंगठा दिला होता. ‘डॉक्टरांनीही दिलाय’ हे पाहून गुरुजींचा उरलासुरला संशय फिटला, असे त्यांच्या मुलाने मला नंतर सांगितले. त्याच सल्ल्याखाली एका निवृत्त कृषी सहायकांनी स्पष्ट लिहिले होते की, हे खायच्या भाजीवर मारू नका, साबणाचे पाणी किंवा निंबोळी अर्क पुरे. त्यांना दोन अंगठे मिळाले होते.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच की, खाण्यापिण्याच्या, औषधाच्या किंवा फवारणीच्या सल्ल्याला अंगठा देऊच नये. स्वतः वापरले असेल तर दोन ओळी लिहाव्यात: काय, किती, कशावर, काय झाले. चूक दिसली तर तीही शब्दांत लिहावी, वाईटपणा आला तरी चालेल. आणि फवारणीनंतर घाम, लाळ, उलटी, अंधुक दिसणे यांपैकी काही जाणवले तर गटात विचारत बसू नये. कपडे बदलून अंग धुवावे, बळेच उलटी करवू नये, 108 ला फोन करावा आणि बाटली सोबत न्यावी.

घरी आल्यावर गुरुजींनी झाला प्रकार गटात सविस्तर लिहिला. त्याला त्रेपन्न अंगठे आणि बरेच जोडलेले हात आले. औषध कोणते होते, हे एकानेही विचारले नाही. मूळ सल्ला अजून तिथेच आहे. माझा अंगठा मी काढून घेतला आहे, आणि तो सल्लाच काढून टाकावा म्हणून गटप्रमुखांना उद्या घरी जाऊन सांगणार आहे.